टेबलावरची मूठ

वकीलबाईंना स्वतःच्याच कादंबरीची शिसारी आली होती. आधी त्यांनी कोर्ट जसं असतं तसंच लिहिलं होतं: बंद पंखा, बाकावर पेंगणारे पक्षकार आणि पुढची तारीख. प्रकाशक म्हणाला, "बाई, हे कोण वाचणार? वकिलाला ओरडू द्या, टेबलावर मूठ आपटू द्या!" बाईंनी मनातल्या मनात शिव्या घालत मूठ आपटवली, लाजेखातर पुरुषाचं टोपणनाव घेतलं, आणि पुस्तक हातोहात खपलं.

आज त्यांनी एका म्हाताऱ्याचं राहतं घर वाचवलं. साक्षीदाराला शांतपणे चार साधे प्रश्न विचारले, त्यात त्याचं खोटं उघडं पडलं. तरी बाहेर व्हरांड्यात म्हातारा तोंड पाडून उभा.

"काका, घर राहिलं ना?"

"राहिलं हो. पण तुमचा आवाज ऐकायला सगळ्या भाऊबंदांना घेऊन आलो होतो. तुम्ही साधी मूठसुद्धा आपटली नाहीत." त्याने पिशवीतून तीच कादंबरी काढली. "समोरचे अपील करणारच. तेव्हा हे लिहिणारे वकील मिळतील का?"

"हा मेला कोर्टाची पायरीसुद्धा चढलेला नाही!" बाई खेकसल्या.

म्हातारा समजुतीनं हसला. "काहीतरीच काय बाई! मग इतकं खरं कसं लिहिलं असतं?"