दिलं म्हणजे दिलं

भारतात आजवर जेवढे पक्ष जन्मले, फुटले आणि वारले, त्या सगळ्यांची उपरणी इस्त्री करून ज्याच्या जीपच्या मागच्या सीटखाली ठेवलेली आहेत, असा पुरुष पृथ्वीवर एकच, आणि तो आमच्या अर्धापूरकडचा आहे. गाव त्यांना 'सरकार' म्हणतं. त्यांच्या पणजोबांचं संस्थान साडेतीन गावांचं. त्यातलं अर्धं गाव कोणतं, यावर घराण्यात अजून भांडणं चालू आहेत. आता राज्य उरलंय ते एका जीपचं. तिचं दार आतून उघडत नाही. गाडी थांबली की ड्रायव्हर रशीदभाई खाली उतरतो, वळसा घालून येतो आणि बाहेरून दार उघडतो. नांदेडपासून लातूरपर्यंत लोक म्हणतात, काय तो राजेशाही रिवाज! आतली मूठ तुटलेली आहे, हे फक्त सरकार, रशीदभाई आणि मी, आम्हा तिघांना ठाऊक.

राजकारणात माणसं खालून वर चढतात. सरकार वरून खाली उतरले. पहिली उमेदवारी थेट लोकसभेची, मग विधानसभा, मग जिल्हा परिषद, असं करत दिल्लीला निघालेली स्वारी ग्रामपंचायतीच्या वॉर्ड नंबर तीनमध्ये येऊन थांबली. याला कारण त्यांच्या घराण्याचा नेम: समोर येऊन कुणी काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही, मग ते स्वतःचं तिकीट का असेना. एकदा लातूरला एका पक्षात प्रवेश करायला निघाले, मी सोबत. मैदानात शेजारीशेजारी दोन मंडप. रशीदभाईनं जीप नेमकी दुसऱ्याच मंडपापुढं लावली. दार उघडलं, हलगी कडाडली, हार पडला. मी कानाशी लागून म्हणालो, सरकार, हा पक्ष आपला नव्हे. ते तितक्याच हळू म्हणाले, "हार घातलाय त्यांनी. आता काढायचा कसा?" पुढं दोन वर्षं ते त्याच पक्षात राहिले. शेजारच्या मंडपातले अजून वाट पाहून राहिलेत म्हणतात.

वॉर्ड नंबर तीन मात्र त्यांनी फार मनावर घेतला होता. "जन्मानं मिळालेलं लई झालं," मला एकदा म्हणाले, "एकदा लोकांनी दिलेलं घ्यायचंय." त्यासाठी उन्हातान्हात केळीच्या बागा तुडवल्या. दारोदार मत मागायला जात, लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसत आणि मत मागायचं विसरून परत येत. विरोधात केळीचा अडत्या उभा, पैशानं आणि आवाजानंही दांडगा. तरी गाव सरकारांकडं कललं होतं. मी गुलालाची पोती सांगून ठेवली होती.

सरकार एका मतानं पडले.

एकच मत इकडचं तिकडं गेलेलं! चहाच्या हॉटेलात चौकशी बसली. दिल्लीत सरकार पडल्यावर बसत नाही अशी. फिरत फिरत संशय येऊन थांबला रशीदभाईवर, कारण त्याचा जावई अडत्याच्या केळीच्या वखारीत कामाला. कुणी म्हणालं, मीठ खाल्लं एकाचं अन् बटन दाबलं दुसऱ्याचं. रशीदभाई भिंतीला टेकून उभा होता. "अल्लाकसम, म्या सरकारलाच दिलो," एवढंच म्हणाला. कुणी मान हलवली नाही. जीप चालवायला दुसरा माणूस बघा, असं सरकारांना सुचवूनही झालं.

सरकारांनी कप खाली ठेवला.

"ते मत आमचं," ते म्हणाले. "आदल्या दिवशी अडते घरी आले. म्हणाले, सरकार, एक मत द्या. आम्ही म्हणालो, दिलं."

गुलालानं माखलेला अडत्या कोपऱ्यात भजी खात बसला होता. त्याचा घास हातातच राहिला. "सरकार," तो चाचरत म्हणाला, "म्या आपलं रीत म्हणून पाया पडाया आलो होतो. तुमचं तुमाला ठिवायचं न्हाई का?"

"तुम्ही कशालाही आला असाल," सरकार म्हणाले, "आम्ही दिलं म्हणजे दिलं." आणि उठले. रशीदभाई डोळे पुसत पुढं धावला, वळसा घालून दार उघडायला.

या माणसाला शहाणा म्हणावं की खुळा, यावर मी तेव्हापासून विचार करून राहिलोय. त्या दोघांत काही फरक असतो का, इथपर्यंत आलोय.

परवा पुन्हा निवडणूक झाली. सरकार उभे नव्हते. पण ती गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत झालेली, त्यामुळं वॉर्डातले चारही उमेदवार एकामागून एक त्यांच्या दारी येऊन गेले. सरकारांनी चौघांनाही 'दिलं' म्हणून सांगितलं. मतदानाच्या दिवशी शाळेपुढं जीप येऊन थांबली. रशीदभाई उतरला, वळसा घालून आला, मुठीला हात घातला आणि तसाच उभा राहिला. काचेतून सरकारांनी बोट वर करून थांब म्हणून खुणावलं होतं. शाळेचं फाटक बंद व्हायची वेळ आली. मी लांबून पाहत होतो. आत सरकार एका मताचे चार वाटे कसे घालावेत या विचारात, आणि बाहेर रशीदभाई दाराची मूठ धरून, कधी म्हणतील उघड म्हणून.