मुजीचा बास आणि क्रुपुकचा डबा

इंडोनेशियातल्या मलांग शहरातले सगळे पंक संगीतवाले मुजीला ओळखतात. पण त्याला वाजवताना ऐकलंय, असं छातीठोक सांगणारा कुणी भेटत नाही. ‘गंजका खिळा’ या बँडमध्ये तो बावीस वर्षं बास गिटार वाजवतोय. मुख्य गिटार आणि माईक दोन्ही जार्वोने पहिल्याच दिवशी पटकावले. उरलेला चार तारांचा बास मुजीच्या गळ्यात पडला. पुढे डोक्यावरचा तुरा विरळ झाला, कातडी जॅकेट पोटावर बसेना, तरी मान खाली घालून वाजवणं सुरूच.

यंदा त्याने ठरवलं. सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, गल्लीतल्या कार्यक्रमात एक गाणं मुकं वाजवायचं. कुणाला कळलं नाही, तर बास विकायचा.

“विकायचाय तर वीक की,” बायको रेत्नो म्हणाली. “लोकांची परीक्षा कसली घेतोस?”

पोत्यांची शर्यत झाली, दोरीला टांगलेले क्रुपुकचे कुरकुरीत पापड हात न लावता खायची स्पर्धा झाली, मग बँड चढला. स्टेजला खेटूनच सासूबाईंची, म्हणजे बू लस्त्रींची टपरी; बू म्हणजे आई. मुजीच्या वाजवण्याने क्रुपुक मोडतात, ही त्यांची जुनी तक्रार.

तिसऱ्या गाण्याला मुजीने बासचा आवाज शून्यावर आणला आणि बोटं नुसतीच नाचवली. पोरं एकमेकांवर आदळत राहिली. गाणं संपल्यावर जार्वो वळून म्हणाला, “मुज्या, आज काय साफ वाजवलंस रे!”

मुजी पाण्याच्या निमित्ताने खाली उतरला. बास कुणाला विकावा, याचा विचारही सुरू झाला होता.

“मुजी, इकडे ये,” बू लस्त्रींनी हाक मारली. “चक्कर आली का रे तुला?”

“नाही, बू. का?”

“आत्ताच्या गाण्याला डबा गप्प होता.” त्यांनी क्रुपुकच्या पत्र्याच्या डब्यावर थाप मारली. “एरवी तू लागलास की नुसता थडथडतो मेला. म्हटलं, जावई पडला की काय!”

“बटण जरा खाली गेलं होतं, बू.”

“मग वर कर! उभा काय राहिलास?”

मुजीने ते पार शेवटपर्यंत वर केलं. चौथ्या गाण्याला डब्याचं झाकणच उडालं.

बास विकायची गोष्ट आता निघत नाही. क्रुपुकचा चुरा मात्र घरच्यांना आठवडाभर भाताबरोबर संपवावा लागला.