बापटकाकांचा मंगळवारचा ताओ

सेमी-डिटॅच्ड घरात भिंत एकच असली की शेजारचे किस्से आपल्याकडे साठतच जातात. सिंकखालच्या कॅरियर बॅगांसारखे! मोबाइलला बटणं होती तेव्हाचे हे. लंडनजवळच्या पिनरमध्ये आमच्या भिंतीपलीकडं बापटकाका राहायचे. काकू गेल्यावर एकटेच. वॉटफर्डची त्यांची मुलगी नीलू, इथंच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं, सारखी मागे लागलेली, "बाबा, घर विक, माझ्याकडे ये." बाहेर गाडीचं दार वाजलं की माझा जीव खालीवर! पडदा सरकवून बघायचे, नेते की काय?

*

एकदा काकांचा फोन आला. "मंगळवारी हॉलमध्ये ताओ असतो, येतेस का?"

मला ऐकू आलं, ताव. ताव मारायचा तर रिकाम्या हाती कसं जायचं? डबाभर बटाटेवडे घेऊन गेले. बघते तर सगळे इंग्लिश लोक नुसत्या मोज्यांवर, डोळे मिटून गप्प!

"अगं, खायचा ताव नाही," काका कुजबुजले. "ताओ! चिनी तत्त्वज्ञान!"

डबा मात्र रिकामाच परत आला.

*

चांग ताओ-लिंग म्हणून या ताओवाल्यांचा एक मोठा गुरू. शिष्यांकडून पाच मापं तांदूळ घ्यायचा. हे कळल्यापासून काका माझ्याकडचा वरणभात हक्कानं मागायला लागले.

"आणि शिष्याला काय मिळतं?" मी विचारलं.

"चुका कबूल केल्या की आजार बरा होतो."

"मी कुठं आजारी आहे?"

"मग भिंतीला पेला लावून कोण ऐकतं?"

*

नीलू एकदा न सांगता आली. काका सोफ्यावर घोरत होते.

"बाबा, तू झोपला होता?"

"कोण जाणे! मी फुलपाखरूही असेन, बाबा झाल्याचं स्वप्न बघणारं."

हा च्वांग त्झू या दुसऱ्या ताओ गुरूचा किस्सा, पण नीलूला कुठं ठाऊक? रडवेली होऊन माझ्या दारात. "मावशी, बाबाचा मेमरी गेली!"

*

मेमरी तपासायला जीपीनं, म्हणजे आमच्या डॉक्टरनं, काकांना विचारलं, "प्राइम मिनिस्टर कोण?"

च्वांग त्झूला राजानं प्रधानपद देऊ केलं, तेव्हा तो म्हणाला होता, त्यापेक्षा कासवासारखा चिखलात शेपूट ओढत फिरेन. काकांच्या डोक्यात तेच!

"मला विचारलं होतं," काका म्हणाले. "मी म्हटलं, चिखल बरा."

झालं! पुढच्याच आठवड्यात नीलू गाडी घेऊन हजर.

*

सूटकेस गाडीच्या बूटमध्ये, काका पुढच्या सीटवर. मला राहवेना. या सगळ्यांचा मूळपुरुष लाओ त्झू. म्हातारपणी वैतागून रेड्यावर बसून पश्चिमेला निघाला, तेव्हा सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यानं अडवलं, ज्ञान लिहून दे, मगच सोडतो! मीही गाडीच्या पुढ्यात उभी राहिले.

"काहीतरी दिल्याशिवाय सोडणार नाही, काका!"

"त्याला लिहायला एखादा ताव तरी मिळाला असेल. मला कुठं?"

मी आत पळाले. कागद सापडेना. ओट्यावरचं वड्यांचं ताट तेवढं घेऊन आले. नीलूनं खिडकीतून एक उचलला, मग दुसरा, आणि खाता खाता रडायलाच लागली. "वडा आईसारखी झालाय."

काकांनी सीटबेल्ट सोडला.

"नीलू, लाओ त्झू पश्चिमेला गेला होता. वॉटफर्ड उत्तरेला आहे."