गुरुवारचा फोन

आमच्या डबिंग स्टुडिओत तिला सगळे चिमणी म्हणत. वय चोपन्न, केस पिकलेले, चष्म्याला दोरी, पण आवाज आठ वर्षांच्या पोरीचा. तो काढलेला आवाज नव्हता, तिचा आवाजच तसा होता. दारावर आलेला विक्रेता आतून तिचं "कोण आहे?" ऐकून म्हणायचा, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?" ती दार उघडून म्हणायची, "मीच मोठी. काय खपवायचंय?" हा किस्सा सांगताना ती स्वतःच आधी हसायची. लग्न तिनं केलं नाही. बत्तीस वर्षं परक्या भाषेतल्या मालिकांतली मुलं तिनं बोलती केली. मी तिथला रेकॉर्डिस्ट, काचेच्या अलीकडे बसून तिचं हसणं-रडणं टिपणारा.

त्या वर्षी आमच्याकडे एका अनाथ मुलीची मालिका आली. पोरगी मायेचं घर शोधत फिरते आणि दर आठवड्याला मिळत आलेलं घर हातचं जातं. लोकांनी मालिका डोक्यावर घेतली. वाहिनीकडे पत्रांचा ढीग येऊ लागला, काही गठ्ठे आमच्याकडेही यायचे. त्यातलं पेन्सिलीनं लिहिलेलं एक पत्र चिमणीनं उचललं. एका बालगृहातल्या मुलीचं होतं. 'तुला घर मिळालं की मला कळव. मी पण शोधते आहे.' खाली बालगृहाचा नंबर.

"हिला फोन करते," चिमणी म्हणाली. "मी कोण, आवाज कसा देतात, सगळं सांगते. पोरीला मजा वाटेल."

नंबर मीच लावून दिला. मालिकेतून बोलतोय म्हटल्यावर तिथल्या अधीक्षिकाबाईंनी मुलीला बोलावलं. चिमणी नुसतं "हॅलो" म्हणाली आणि पलीकडून किंकाळी आली, "तू आहेस! खरंच तूच आहेस!"

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, मीच."

मी शेजारी बसून हसत होतो. आज ते आठवलं की मान वर करवत नाही.

पुढे दर गुरुवारी चार वाजता फोन होऊ लागला. कुणाचा दात पडला, कुणी कुणाशी कट्टी केली, भागाकार कसा जमत नाही, असल्या गप्पा. गुरुवारी चिमणी घड्याळाकडे बघत काम करायची. मी दोनदा म्हटलं, "आता सांगून टाक." ती म्हणायची, "पुढच्या खेपेला नक्की." असे चार महिने गेले.

मालिका संपत आली तेव्हा मुलीनं विचारलं, "तुला घर मिळालं तर मला पण नेशील?"

"नेईन की," चिमणी बोलून गेली. "तू तयार राहा."

शेवटच्या भागात मालिकेतल्या पोरीला घर मिळालं. चार दिवसांनी अधीक्षिकाबाईंचा फोन आला. छापखान्यातला एक कामगार आणि त्याची बायको या मुलीला दत्तक घेणार होते. दोनदा भेटून गेले होते, कागदपत्रं होत आली होती. तिसऱ्या भेटीला मुलगी पिशवी भरूनच बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, "मी तुमच्याकडे येणार नाही. माझी मैत्रीण मला न्यायला येणार आहे." ते दोघं हिरमुसून गेले. मुलगी तेव्हापासून दारातली पायरी सोडायला तयार नव्हती.

आम्ही दोघं तसेच निघालो. मुलगी पायरीवर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. चिमणी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मी आले," म्हणाली.

मुलीचा चेहरा उजळला. ती चिमणीच्या पाठीमागे डोकावून बघू लागली. मागे मी उभा होतो.

"मागे कुणी नाही गं. फोनवर मीच होते. टीव्हीतल्या मुलीला मी फक्त आवाज देते. मी तुझ्याशी खोटं बोलले."

"मग घर?"

"ते मालिकेतलं होतं."

मुलीनं तिला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"खोल्या किती?"

"दोन."

मुलीनं पुढे काही विचारलं नाही. चिमणीही काही बोलली नाही. मुलगी पिशवी उचलून आत गेली.

तिथून चिमणी थेट त्या जोडप्याकडे गेली. सगळा दोष आपला म्हणून सांगितलं, हात जोडले. बायको दारातच उभी राहून ऐकत होती. "आम्हाला वाटलं, आम्हीच तिला आवडलो नाही," ती म्हणाली. "काल आम्ही एका छोट्याला होकार दिला. आता त्याला कसं नाही म्हणू?" आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. "तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं," परतताना चिमणी मला म्हणाली.

मुलांचे आवाज तिनं सोडले. पण दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे महिन्याभरात माइकपुढे परत आली, आणि त्याचीही तिला लाज वाटायची. महिन्यातून एकदा ती बालगृहात जायची. मुलगी शहाण्यासारखी नमस्कार करायची, "बरी आहे" म्हणायची आणि खेळायला पळायची.

दोन वर्षांनी मुलीला घर मिळालं. एका नर्सबाईनं तिला नेलं. बाई पन्नाशीला आलेली, एकटी, एका खोलीत राहणारी. अधीक्षिकाबाईंनी चिमणीला कळवलं तेव्हा आम्ही स्टुडिओत होतो. फोन ठेवून ती खुर्चीत बसली. तिला आनंद झालाय असं मला वाटलं.

"त्या दिवशी पायरीवर मला सुचलंच नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "सुचलं होतं. तिनं खोल्या विचारल्या तेव्हाच सुचलं. मनात म्हटलं, आता या वयात ही भानगड कुठे मागे लावून घ्यायची. असंच म्हटलं. भानगड."

तिची समजूत घालायला मी तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "तू काहीतरी चांगलं बोलशील."