मागच्या सीटखालचा धूर

सिंगापुरातल्या पुंगोलकर मंडळी, गाडीच्या इंजिनचा पिवळा दिवा लागला की तुम्हीही स्कॅनर लावून तो नुसता घालवता का? मी महिनाभर तेच केलं. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरचे खोटे अलर्ट बंद करायची सवय, दुसरं काय!

आज मेकॅनिक अंकलनी पेट्रोलच्या वाफेच्या नळ्यांमध्ये धूर सोडला. गळती असेल तिथून तो बाहेर येतो. आला तो मागच्या सीटखालून, पेट्रोलच्या टाकीवरच्या चिरलेल्या रबरी सीलमधून.

"इथे कोण बसतं?" अंकलनी विचारलं.

माझी सहा वर्षांची ईरा. रोज शाळेत जाताना इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणायची, "बाबा, कार सो स्मेली लाह, हेड पेन!" शाळा बुडवायची नाटकं समजून मी ओरडायचो.

दिवा निदान पुन्हा पुन्हा लागत तरी होता. ईराने सांगणंच सोडून दिलं होतं.