पंपाचं पथ्य

बायांनो, आत्ताच कळमनुरीहून आले. डोकं तापलंय म्हणून लिहून राहिले.

माझ्या आठ वर्षांच्या पोरीला लहानपणापासून दमा आहे. तिथं एका मंगल कार्यालयात मणका बसवून दमा घालवणारा कायरोप्रॅक्टर आला होता. व्हिडिओ बघून नंबर मीच लावला.

रांगेत त्याचा माणूस म्हणाला, "आजपासून पंपाचं पथ्य. पंप ओढला तर गुण येत न्हाई."

सासूबाईंनी लगेच पोरीकडून दम्याचा पंप घेऊन आपल्या पिशवीत टाकला. आमच्याकडं पथ्य म्हटलं की काहून, असं कुणी विचारतच न्हाई.

तासाभरात पोरीला धाप लागली. मी पिशवीला हात घातला, तर सासूबाई म्हणाल्या, "जरा थांब, नंबर येऊनच राहिला. पथ्य मोडू नको."

मी पिशवी हिसकावली, पोरीला पंप दिला आणि तिला घेऊन बाहेर पडले. आता बरी आहे.

वांग्याचं पथ्य असतं, लोणच्याचं असतं. श्वासाचं असतं काय?

त्या माणसाचा राग आहेच. पण जास्त राग माझा मलाच आलाय. रांगेत सासूबाईंच्या हातात पंप देण्याआधी पोरीनं माझ्याकडं पाहिलं होतं.

"दे," असं मीच म्हणाले होते.