एकाहत्तर टक्के

आपली गाडी बिघडावी म्हणून देवळात जाऊन हात जोडणारी बाई कुणी पाहिली नसेल. मी ती बाई आहे. आगाशीला शंकरासमोर उभी राहिले आणि मागायचं कसं तेच सुचेना. देवा, माझ्या गाडीची बॅटरी लवकर मरू दे, असं थोडंच म्हणतात? पण मला हवं होतं ते तेवढंच.

घरात आई आणि मी, दोघीच. आईचं विसरणं इतकं वाढलं होतं की वार, शेजारी, स्वयंपाकघर कुठे, काही धड आठवत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात पक्की होती, संध्याकाळी मुलगी शाळेतून येते, मग जेवायचं. दिवसभर सांभाळायला बाई होती, पण तिच्या हातचा घास आई घेत नसे. त्यात माझी बदली झाली विक्रमगडच्या पुढे, एका पाड्यावरच्या शाळेत. जायला सत्तर किलोमीटर, यायला सत्तर. तिथे खोली घे, शनिवारी घरी येत जा, असं जो तो सांगायचा. सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं? एसटीच्या वेळा जुळेनात, रोज एवढं पेट्रोल झेपेना, म्हणून मी वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरवली.

गाडी मिळाली गोखिवऱ्याला, माझ्या आत्याच्या दिराच्या जावयाकडे. आमच्या वाडीवाल्यांत नात्यातल्या माणसाकडून वस्तू घेताना तपासणी करत नाहीत. केली, तर पुढच्या लग्नात पंगतीला त्याचीच चर्चा. "बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे, तू डोळे मिटून घे," तो म्हणाला, आणि मी खरंच डोळे मिटले. दुसरीच्या पोरांना वजाबाकी शिकवणारी मी, आठातून गेली किती हे विचारलं नाही. घरी आल्यावर कागद वाचले. आठ वर्षं पहिल्या विक्रीपासून मोजायची होती आणि त्यातले अकरा महिने उरले होते.

नवी असताना ती दोनशे किलोमीटर जायची म्हणे. माझ्याकडे पूर्ण चार्ज करून दीडशे. मला रोज हवेत एकशे चाळीस. एसी बंद, रेडिओ बंद, मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देताहेत आणि मी हायवेवर बैलगाडीसारखी चाललेय. शाळेत प्लग होता, पण दिवसा वीज असली तर नशीब. मनोरला चार्जर होता, तोही अर्धे दिवस बंद आणि चालू असला की पुढे चार गाड्या. एकदा तिथे अडकले आणि घरी पोहोचायला साडेआठ वाजले. आई ओट्यावर बसलेली, सकाळपासून उपाशी. "आलीस का गो?" एवढंच म्हणाली आणि जेवली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

सर्व्हिस सेंटरमधला माणूस फार गोड बोलायचा. तेच जास्त डोक्यात जायचं.

"मॅडम, बॅटरीची ताकद सत्तर टक्क्यांच्या खाली गेली की कंपनी नवीन बसवून देते."

"आता किती आहे?"

"त्र्याहत्तर."

"मग मी काय करू?"

"वाट बघा," तो म्हणाला. "वॉरंटी संपायच्या आत खाली आली तर काम होईल."

नातेवाइकाला फोन केला, तर म्हणे, "अगं, मी कुठे लांब जायचो? मला कधी जाणवलंच नाही." मला असा राग आला की फोन भिंतीवर आपटावा. पण करणार काय? दिवाळीत तो आईला बघायला केळ्यांचा घड घेऊन आला आणि मी त्याला चकली-चहा दिला.

मग मी बॅटरीच्या वाईटावर टपले. ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं, त्या सगळ्या केल्या. रोज काठोकाठ चार्ज, फणसाची सावली सोडून गाडी भर उन्हात. दर महिन्याला जाऊन मोजून घ्यायची. त्र्याहत्तर. बहात्तर. पुन्हा बहात्तर. पोरगी नापास व्हावी म्हणून झुरणारी मास्तरीण झाले होते मी, आणि ती मेली काठावर पास होत होती.

वॉरंटी संपायच्या आदल्या दिवशी शेवटचं मोजलं. एकाहत्तर. त्या माणसाने चेहरा पाडून सॉरी म्हटलं. मी भांडलेही नाही. कुणाशी भांडायचं? लबाडी कुणी केलेली नव्हती, नियम कागदावर होता आणि डोळे मीच मिटले होते.

पुढच्या दोन महिन्यांत गाडी माझा रोजचा रस्ता पुरा करेनाशी झाली. तीनदा टोचन लावून आणली. बदलीच्या अर्जाला उत्तर नव्हतं. शेवटी विक्रमगडला खोली घेतली. बाईला म्हटलं, रात्रीही इथेच राहा आणि कसंही करून भरवत जा. पहिले काही दिवस आईने ताट ढकललं, मग हळूहळू तिच्या हातचं खाऊ लागली. फोनवर ते ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी त्या बाईचा हेवाही वाटला.

तिसऱ्या शनिवारी दुपारच्या एसटीने घरी आले. आई ओट्यावरच होती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर वाकले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला.

"माझी मुलगी घरी नाय," ती अदबीने म्हणाली. "शाळेत गेलीय. सांजची येईल. बसा तवर."

मी बसले आणि तिच्याबरोबर संध्याकाळ व्हायची वाट बघू लागले.